‘इन्स्टॉल होत नाही’ या वाक्याचा इतिहास

१/
गेल्या वर्षी जुलैमध्ये एका आजींचा दूरध्वनी आला. त्यांच्या घराण्याच्या दफ्तरातील मोडी कागदांचे लिप्यंतर आमच्या एका ज्येष्ठ सहाध्यायाने २०१९ साली एका छोट्या संकेतस्थळावर मांडले होते. त्यातील एका वाटणीपत्रात मूळ कागदावर ‘गंगाबाई’ होते. आम्ही ‘गंगाजी’ वाचले होते. आजी म्हणाल्या, “अगं, ती बाई होती. आणि तो हिस्सा तिचा होता.”

२/
दुरुस्ती एका शब्दाची. फाइल उघडायची, शब्द बदलायचा, पान पुन्हा तयार करायचे. मला चार रात्री लागल्या. पान तयार करणारी यंत्रणाच माझ्या नव्या लॅपटॉपवर उभी राहीना. पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक त्रुटीसंदेशाला एक साल आहे आणि ते ओळखल्यावाचून इलाज सापडत नाही, हे दुसऱ्या रात्री उमगले. आजचा थ्रेड त्या सालांविषयी आहे.

३/
आधी पार्श्वभूमी. आपले संकेतस्थळ ‘स्टॅटिक साइट जनरेटर’ने बनलेले होते. म्हणजे मजकूर साध्या फाइलींत लिहायचा, एक आज्ञा द्यायची, आणि त्या साऱ्यांची तयार एचटीएमएल पाने एकदाच बनवून ठेवायची. वाचक आला की प्रत्येक वेळी माहितीसाठ्याकडे धाव घ्यावी लागत नाही. ही कल्पना नवी नव्हे. बेन आणि मेना ट्रॉट या दांपत्याने २००१ मध्ये आणलेले ‘मूव्हेबल टाइप’ही पाने आधीच बनवून ठेवी. ते पर्ल भाषेत लिहिलेले होते, आणि ते बसवताना पर्लची उपांगे जुळवण्यात अनेकांच्या रात्री गेल्या. आपले दुःख निदान परंपरेने आलेले आहे.

४/
१९ ऑक्टोबर २००८ या रविवारी सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या घरी टॉम प्रेस्टन-वर्नर ब्लॉगसाठी नवे साधन लिहायला बसले. ते गिटहबच्या संस्थापकांपैकी एक. या साधनाचे नाव ‘जेकिल’. भाषा रुबी, जी युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवली होती. त्याच डिसेंबरात गिटहबने ‘पेजेस’ ही सेवा सुरू केली आणि जेकिल घराघरांत पोहोचले. व्याप नको, साधेपणा हवा, ही त्यामागची प्रेरणा होती. हे लक्षात असू द्या, कारण पुढे जे घडले ते या प्रेरणेच्या अगदी उलट आहे.

५/
साधे जेकिलही एकटे नव्हते. आरंभीच्या आवृत्तीला रेडक्लॉथ, लिक्विड, क्लासिफायर, मारुकू, डिरेक्टरी वॉचर आणि ओपन४ अशी सहा परकी उपांगे लागत. यांनाच ‘डिपेन्डन्सी’ म्हणतात: दुसऱ्याने लिहिलेला, दुसऱ्याच्या मर्जीने बदलणारा, पण ज्यावाचून आपले काम अडते असा कोड. अशा उपांगांपैकी काहींना पुन्हा आपापली उपांगे असतात. एखाद्या सरदाराला बोलावले की त्याच्यासोबत पथक येते, पथकासोबत बाजारबुणगे येतात, आणि दाणावैरण सर्वांचीच पाहावी लागते.

६/
यांपैकी रेडक्लॉथचा मूळ कर्ता ‘व्हाय द लकी स्टिफ’ या टोपणनावाने वावरणारा रुबी जगतातला अवलिया होता. १९ ऑगस्ट २००९ रोजी तो एकाएकी अंतर्धान पावला; आपली संकेतस्थळे आणि कोडचे साठे त्याने पुसून टाकले. रेडक्लॉथची देखभाल तोवर इतरांकडे गेली होती आणि त्याच्या बाकीच्या कामाच्या प्रती लोकांनी आपापल्या संगणकांवरून गोळा करून पुन्हा उभ्या केल्या, म्हणून निभावले. पण परक्या खांबावर तुळई टेकली आहे, ही जाणीव अनेकांना त्या आठवड्यात प्रथम झाली.

७/
ही उपांगे पोहोचवणारी व्यवस्था कुठून आली? पर्लवाल्यांनी १९९५ मध्ये ‘सीपॅन’ नावाचे कोठार उघडले होते; त्याचा आदर्श होता टेक या अक्षरजुळणी प्रणालीचे कोठार. रुबीला तसे काही नव्हते. नोव्हेंबर २००३ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे रुबीची परिषद भरली असता चाड फाउलर, जिम वाइरिख, रिचर्ड किल्मर आदी पाच जणांनी तिथेच बसून ‘रुबीजेम्स’चा पाया घातला. १४ मार्च २००४ रोजी ते प्रसिद्ध झाले. तेव्हापासून रुबीच्या प्रत्येक उपांगाला ‘जेम’ म्हणतात. नाव रत्नाचे, पण हिरा की गारगोटी हे पारखूनच घ्यावे लागते.

८/
आता पहिली रात्र. लॅपटॉपवर उबुंटू २४.०४, त्यासोबत रुबी ३.२. मी ‘जेम इन्स्टॉल बंडलर’ लिहिले. उत्तर आले: व्हार-लिब-जेम्स या फोल्डरात लिहिण्याची तुम्हाला परवानगी नाही. इथे बहुतेक जण आज्ञेपुढे ‘सुडो’ जोडून मोकळे होतात. मीही हात पुढे केला होता.

९/
पण ही परवानगी का नाही? कारण त्या जागेवर दोन सत्ता हक्क सांगतात. डेबियन आणि तिच्या कुळातील उबुंटू यांची स्वतःची पॅकेज व्यवस्था आहे. रुबीजेम्सही तोच मुलूख आपला मानते. सुडोने घुसवलेले जेम उबुंटूच्या हिशेबात नोंदले जात नाही. पुढे कुणी काय बदलले याचा पत्ता लागत नाही. मॅकवर तर हा पेच अधिक तीव्र. अॅपलने प्रणालीसोबत दिलेली रुबी २.६ ही अॅपलच्या स्वतःच्या कामासाठी आहे. तिथे जेम बसवू गेलात तर हाच नकार मिळतो. या भाषा पुढे प्रणालीसोबत मिळणार नाहीत, अशी सूचना अॅपलने २०१९ मध्येच देऊन ठेवली आहे. उपाय एकच: आपली रुबी आणि आपली जेम्स आपल्या घरच्या फोल्डरात ठेवावीत. त्यासाठी ‘आरबीएन्व्ह’सारखी साधने आहेत, निदान ‘जेम होम’ हा चल तरी आपल्या फोल्डराकडे वळवावा. त्या रात्री मी चल वळवला. अर्धवट उपाय होता, हे पुढे दिसेलच.

१०/
त्याच रात्री दुसरी भिंत. ‘फेल्ड टू बिल्ड जेम नेटिव्ह एक्स्टेन्शन’. आरोपी: इव्हेंटमशीन नावाचे जेम. हा संदेश जेकिल बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला असतो, म्हणून इथे थोडे थांबू.

११/
काही जेम्स पूर्णपणे रुबीत नसतात. त्यांचा गाभा सी किंवा सी++ मध्ये असतो आणि तो तुमच्याच संगणकावर, तुमच्याच कंपायलरने घडवावा लागतो. इव्हेंटमशीन त्यातलेच. ब्राउझरातले पान आपोआप ताजे व्हावे ही सोय जेकिल ३.७ ने २०१८ मध्ये आणली. तिच्या पोटात हे जेम आले. ती सोय मी कधी वापरली नाही. तरी ते घडवल्यावाचून जेकिल पुढे सरकेना.

१२/
घडवण्याचे काम शेवटी ‘मेक’ या साधनाकडे जाते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिले. मोकळी जागा दिसली की मेक तिथे शब्द संपला असे मानते. म्हणून तुमच्या फोल्डराच्या नावात दोन शब्द असतील तर २०२५ मधले जेम १९७६ च्या सवयीपायी फुटू शकते. प्रकल्पाचा फोल्डर ‘मोडी दफ्तर’ न ठेवता ‘मोडी-दफ्तर’ ठेवावा, त्याचे कारण हे.

१३/
माझ्या बाबतीत कारण निराळे होते, आणि ते संदेशातच लिहिलेले होते. आपण चूक करतो ती वाचण्यात. अशा संदेशाची पहिली ओळ केवळ निकाल सांगते, शेवटची ओळ नोंदवहीचा पत्ता सांगते. कारण मधल्या भागात दडलेले असते. तिथे स्पष्ट होते: रुबीच्या ‘हेडर’ फाइली सापडत नाहीत, रुबी-डेव्ह हे वेगळे पॅकेज बसवावे लागेल. डेबियन परंपरेत एखादी भाषा चालवण्याचे सामान आणि तिच्यासाठी नवे भाग घडवण्याचे सामान अशी दोन गाठोडी केलेली असतात. मी एकच उचलले होते. रुबी-डेव्ह आणि बिल्ड-इसेन्शियल बसवले, आणि इव्हेंटमशीन मुकाट्याने घडले. तपशील हवा असेल तर ‘एमकेएमएफ.लॉग’ ही फाइल उघडावी. अस्सल साधन तेच.

१४/
थोडे विषयांतर, पण गमतीचे. आज हे जड वाटत असेल तर २०१४ चे जेकिल २ आठवा. त्याला रुबी तर हवीच. शिवाय कोडला रंग देणारे ‘पिग्मेंट्स’ पायथनमधले, म्हणून पायथन हवे. आणि कॉफीस्क्रिप्टची सोय घातल्यामुळे जावास्क्रिप्ट चालवणारे काहीतरी हवे. ते नसेल तर ‘जावास्क्रिप्ट रनटाइम सापडत नाही’ म्हणून सारे ठप्प. साधेपणासाठी जन्मलेल्या साधनाला सहा वर्षांत तीन भाषांचा दरबार भरवावा लागला! ऑक्टोबर २०१५ च्या जेकिल ३ ने पिग्मेंट्सच्या जागी रुबीतलेच ‘रूझ’ आणले, कॉफीस्क्रिप्ट बाहेर काढले, आणि दरबार आवरला.

१५/
दुसरी रात्र. जेम्स घडली, आता आवृत्त्यांचा प्रश्न. प्रकल्पात ‘जेमफाइल’ होती. तीत जेकिलच्या पुढे एक लहरी चिन्ह आणि ३.८.५ हा आकडा. अर्थ असा: ३.८ मालिकेतले ३.८.५ किंवा त्यापुढचे काहीही चालेल. आवृत्तीचे तीन आकडे कसे वाचावेत याची ‘सेमव्हर’ नावाची संहिता आहे. पहिला बदलला तर जुने मोडू शकते, दुसरा बदलला तर नवे आले, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती. ही संहिता लिहिणारे गृहस्थ पुन्हा प्रेस्टन-वर्नरच. मात्र ती संकेत आहे, कायदा नव्हे. कोण किती पाळतो हे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर.

१६/
२०१० पूर्वी रुबीत असा गोंधळ असे की दोन जेम्सना एकाच तिसऱ्या जेमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागत आणि कार्यक्रम सुरू होता होता कोसळे. येहुदा कात्झ आणि कार्ल लर्श यांनी ‘बंडलर’ लिहिले ते यावर उपाय म्हणून. ऑगस्ट २०१० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. बंडलर आधी सर्वांच्या अटी गोळा करते, सर्वांना चालेल असा एक संच शोधते, आणि तो संच आकड्यांसह ‘जेमफाइल.लॉक’ या फाइलीत लिहून ठेवते. यानंतर ‘बंडल एक्झेक’ लावून चालवले की नेमका तोच संच वापरला जातो. ‘अमुक आवृत्ती आधीच सुरू झाली आहे’ अशी तक्रार आली तर बहुधा ‘बंडल एक्झेक’ लिहायचे राहिलेले असते.

१७/
असा संच शोधणे हे दिसते त्याहून कठीण काम आहे. संगणकशास्त्राच्या परिभाषेत ते ‘एनपी-कम्प्लीट’ प्रश्नांत मोडते: उत्तर तपासणे सोपे, पण नेमके शोधण्याची झटपट आणि हमखास रीत कुणालाही ठाऊक नाही. म्हणूनच कधीकधी बंडलर ‘डिपेन्डन्सी सोडवत आहे’ म्हणत टिंबे काढीत बसे. डिसेंबर २०२२ च्या बंडलर २.४ ने ‘पबग्रब’ ही पद्धत घेतली, आणि संच सापडला नाही तर तो का सापडला नाही हे माणसाला कळेल अशा वाक्यांत सांगायला सुरुवात केली. पबग्रब रचणाऱ्या नॅटली वाइझनबॉम यांनी ती २०१८ मध्ये डार्ट भाषेसाठी लिहिली होती. पानांची सजावट करणाऱ्या ‘सॅस’ या भाषेच्या प्रमुख शिल्पकारही त्याच. म्हणजे जेकिल बसवणाऱ्याची त्यांच्याशी दोनदा गाठ पडते, आणि नाव बहुतेकांना ठाऊक नसते.

१८/
आता आमचा गुन्हा. २०१९ च्या त्या प्रकल्पात जेमफाइल होती, पण लॉकफाइल नव्हती. ज्येष्ठाने ती ‘गिटइग्नोर’मध्ये टाकली होती: यंत्राने आपोआप बनवलेली फाइल, कशाला जपायची! हा समज अजूनही फार पसरलेला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला हवे का? दफ्तरातील कागद ठेवले आणि रुमालावरची यादी फेकून दिली, असा हा प्रकार.

१९/
यादी नसल्यामुळे बंडलरने त्या दिवशी मिळतील ती नवी जेम्स उचलली. पाने बनल्याचे दिसले, आणि लगेच संदेश आला: ‘नो इम्प्लिसिट कन्व्हर्जन ऑफ हॅश इन्टू इन्टिजर’. दोषी ‘पाथयुटिल’ नावाचे जेम. या संदेशाने माझा एक तास खाल्ला, कारण त्यात माझ्या मजकुराचा काहीच संबंध दिसेना.

२०/
उलगडा असा. फाइलींवर पहारा ठेवण्यापूर्वी जेकिल एक चौकशी करते: हे लिनक्स खरेच लिनक्स आहे, की विंडोजच्या पोटात चाललेले लिनक्स? तशी सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणली होती. उत्तरासाठी ते प्रॉक-व्हर्जन ही फाइल वाचते, आणि वाचनाचे काम पाथयुटिलकडे देते. २५ डिसेंबर २०२० रोजी आलेल्या रुबी ३.० ने फंक्शनला नावानिशी माहिती देण्याचे नियम बदलले. पाथयुटिल जुन्याच नियमांनी बोलत राहिले. म्हणजे २०१६ च्या एका शंकेसाठी विचारलेला प्रश्न २०२० च्या व्याकरणात बसेना, आणि गंगाबाई अडकल्या.

२१/
पहारा बंद करून पाहिले, तर पुढची भिंत: ‘वेब्रिक’ सापडत नाही. वेब्रिक हा लहानसा सर्व्हर २००३ च्या रुबी १.८ पासून भाषेसोबत येई, म्हणून जेकिलने तो कधी मागितलाच नाही, घरचाच होता. रुबी ३.० ने त्याला वेगळा संसार थाटून दिला. जेकिलने तो आपल्या यादीत रीतसर घेतला तो ४.३ मध्ये, ऑक्टोबर २०२२ ला. मधल्या काळात हजारोंनी ‘बंडल अॅड वेब्रिक’ लिहून वेळ निभावली. हीच कथा डिसेंबर २०२४ च्या रुबी ३.४ मध्ये ‘सीएसव्ही’ची झाली. म्हणून ‘कॅनॉट लोड सच फाइल’ दिसले की पहिला प्रश्न हा विचारावा: हे कधी रुबीच्या घरचे होते का, आणि कोणत्या साली बाहेर पडले?

२२/
तिसरी रात्र. एकेक भिंत पाडत जाणे मी थांबवले. त्रुटी दिसली की उत्तर शोधा, चिकटवा, पुढची त्रुटी पाहा, या रीतीने माणूस आठवडा घालवू शकतो, आणि शेवटी जे उभे राहते ते का उभे आहे हे त्यालाच कळत नसते. त्याऐवजी आपल्या शास्त्राचा प्रश्न विचारला: हे संकेतस्थळ शेवटचे तयार झाले तेव्हा काळ कोणता होता?

२३/
पुरावा प्रसिद्ध पानातच होता. ब्राउझरमध्ये पानाचा मूळ स्रोत उघडला; वरच्या भागात ‘जनरेटर’ नावाचा एक मेटा टॅग, आणि त्यात जेकिल ३.८.५. जेकिलचे एसईओ-टॅग हे उपांग अशी ओळ लिहिते. जुन्या पोथीच्या शेवटी लेखक शक आणि तिथी घालतो, तसे हे. बदलांच्या नोंदींत शेवटची तारीख २०१९ च्या उन्हाळ्यातली. मग प्रत्येक जेमची त्या तारखेपूर्वीची अखेरची आवृत्ती रुबीजेम्सच्या कोठारातून पाहून मी यादी नव्याने लिहिली. कोठारात प्रत्येक आवृत्तीची तारीख असते, हे आपले भाग्य.

२४/
यादी जुनी, रुबी नवी. लगेच तक्रार: ‘टेन्टेड’ हा प्रश्न स्ट्रिंगला कळत नाही. लिक्विड ४.०.३ हे २०१९ चे साचे भरणारे जेम. ते प्रत्येक मजकुराला विचारते, तू डागाळलेला आहेस का? बाहेरून आलेल्या माहितीवर असा डाग ठेवायचा, म्हणजे ती अनवधानाने घातक ठिकाणी वापरली जाणार नाही, ही कल्पना पर्लमधली, १९८९ च्या सुमाराची. रुबीने ती उचलली. पण वापरणारे उरले नाहीत. २०१९ च्या रुबी २.७ ने ती निवृत्तीच्या यादीत टाकली, डिसेंबर २०२२ च्या रुबी ३.२ ने काढून टाकली. जेम्स २०१९ ची आणि भाषा २०२२ ची, हा संसार चालणार नव्हता. भाषाही त्या काळची हवी. घरच्या फोल्डरात जेम्स ठेवून भागेल, रुबी उबुंटूचीच चालेल, हा माझा पहिल्या रात्रीचा हिशेब इथे चुकला.

२५/
म्हणून आरबीएन्व्ह घेऊन रुबी २.६ घडवायला बसले. इथेही एक थर निघाला. जुन्या रुबीला ‘ओपनएसएसएल’ १.१ लागते, उबुंटूकडे ३.०, जी सप्टेंबर २०२१ मध्ये आली आणि जिच्याशी रुबीने ३.१ पासून जमवून घेतले. सुदैवाने रुबी-बिल्ड हे साधन अशा वेळी जुने ओपनएसएसएल स्वतःच आणून शेजारी घडवते. वेळ लागतो; चहा करून घ्यावा. मग ‘एफएफआय’ अडले: त्याची २०२४ ची १.१७ आवृत्ती रुबीजेम्स ३.३.२२ किंवा पुढचे मागते, आणि रुबी २.६ सोबत ३.०. माझ्याच यादीत एफएफआयची ओळ सुटली होती, म्हणून २०१९ च्या घरात २०२४ चा पाहुणा शिरला होता. ती ओळ लिहिली आणि रात्री दोनच्या सुमारास पाने बनली.

२६/
एक इशारा. रुबी २.६ ची देखभाल एप्रिल २०२२ मध्ये संपली. तिच्यातली सुरक्षेची भोके आता कुणी बुजवत नाही. आपण ती फक्त स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्याच फाइलींची पाने बनवायला वापरली, म्हणून चालले. लोकांसाठी उघड्या सर्व्हरवर अशी रुबी ठेवणे हा शुद्ध अविचार.

२७/
चौथी रात्र. जुन्या यंत्रणेने बनवलेली पाने आणि प्रसिद्ध असलेली पाने ‘डिफ’ने शब्दशः ताडून पाहिली. फरक शून्य. आता कुठे माझ्या हाती खात्रीची प्रत आली. मग जेमफाइलीत जेकिल ४ आणि उबुंटूची नवी रुबी लावली, पाने पुन्हा बनवली, पुन्हा ताडली. फरक दिसले ते जनरेटरच्या ओळीत आणि काही मोकळ्या जागांत. लिप्यंतराचे एक अक्षरही हलले नव्हते. पाठचिकित्सेत दोन प्रती समोरासमोर ठेवल्याशिवाय आपण बोलत नाही. आवृत्ती बदलणारे अनेक जण मात्र पहिले पान उघडले की काम झाले असे समजतात.

२८/
पाने आपोआप बनवणाऱ्या दूरच्या यंत्रावर अखेरचा अडथळा आला, आणि तो खास आपला होता: ‘अवैध यूएस-अॅस्की अक्षर, एक्स-ई०’. त्या यंत्रावर भाषेची मांडणी ठरवलेली नव्हती. अशा वेळी रुबी १९६३ चे अॅस्की गृहीत धरते. ज्येष्ठाने सजावटीच्या फाइलीत टिपा मराठीत लिहिल्या होत्या. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे असते, आणि त्यातला पहिला बाइट नेहमी ई०. म्हणून त्रुटीत ई० दिसला की समजावे, यंत्र देवनागरीवर अडखळले आहे. ‘लँग’ या चलाला सी.यूटीएफ-८ हे मूल्य द्यावे, की वाट मोकळी. (मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ ला आली, तिची चिन्हे चार बाइटांची, आणि सुरुवात एफ० ने.)

२९/
मग हे सगळे सोडून ‘ह्यूगो’ का नको, असे विचारणारे येतीलच. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये आणलेले ह्यूगो ही एकच तयार फाइल असते. बसवण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो, हे खरे. तरी २०१८ मध्ये त्याच्याही दोन जाती झाल्या, साधी आणि ‘एक्स्टेंडेड’, आणि सॅस वापरणारी थीम साध्या जातीवर चालवली की तेही तोंड फिरवते. नवे संकेतस्थळ असते तर मी ह्यूगो घेतले असते. इथे दुसऱ्याचे, चालू असलेले, लोकांनी दुवे देऊन ठेवलेले काम होते. त्याचे घर बदलण्याचा अधिकार मला वाटला नाही.

३०/
लॉकफाइल आता प्रकल्पात नोंदवलेली आहे. तीत ‘प्लॅटफॉर्म’ची ओळही पाहावी: मॅकवर बनलेली यादी लिनक्सवर नाकारली गेली तर ‘बंडल लॉक’ला ‘अॅड-प्लॅटफॉर्म’ची जोड देऊन लिनक्सचे नाव घालता येते. शेजारी एक साधी मजकूर फाइलही ठेवली: कोणती रुबी, कोणते उबुंटू, कोणती पॅकेजेस, कोणती तारीख. दहा ओळी.

३१/
पाचव्या दिवशी सकाळी आजींना दुवा पाठवला. संध्याकाळी त्यांचा दूरध्वनी आला. गंगाबाईंचे नाव नीट आले होते, आनंद झाला होता. “पण अगं,” त्या म्हणाल्या, “खालच्या ओळीतला तो मळा आमचा नाही गं. तो शेजाऱ्यांचा.” मूळ कागदाचे छायाचित्र उघडले, भिंग धरले. आजींचेच खरे होते. या खेपेस दुरुस्ती प्रसिद्ध व्हायला तीन मिनिटे लागली.